पहाटेचा हट्ट सोडा, चारला निघा

प्रश्न : मी मुलुंडला राहतो, वय 46. पावसाळाभर घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, सायकल चालवली, ऑक्टोबरच्या उकाड्यातही पहाटे साडेपाचला बाहेर पडत होतो. डिसेंबर लागला आणि गजर बंद करून पुन्हा झोपायला लागलो. दिवाळीच्या फराळाचे तीन किलो अजून अंगावर आहेत. गेल्या आठवड्यात दोनदा गेलो, तर दिवसभर घसा खवखवला. उमेद कुठून आणू?

उत्तर : थंडीला बोल लावू नका. मुंबईत पारा 16-17 वर आला की आपण शाली काढतो, नाशिककर हसतात. तुम्हाला अडवतोय तो अंधार. जानेवारीत इथे सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास, म्हणजे तुमचे साडेपाच ही चक्क रात्र आहे.

घशाचं कारण हवेत आहे. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन तिथेच बसून राहते आणि वरच्या उबदार हवेचं झाकण पडतं. गाड्यांचा धूर, बांधकामांची धूळ खालीच कोंडते. पहाटेचा मतलई वारा जमिनीवरूनच येतो, तो काय साफ करणार? दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की जरा मोकळं वाटतं.

हे मला उशिरा कळलं. मी दादरची. शिवाजी पार्क ते नरिमन पॉइंट आणि परत, अठ्ठावीसेक किलोमीटर, ही माझी वर्षानुवर्षांची पहाट. तीन वर्षांपूर्वी हट्टाने डिसेंबरभर गेले आणि खोकला संक्रांतीपर्यंत पुरला. डॉक्टरीणबाईंनी इनहेलर हातात ठेवला तेव्हा अक्कल आली.

आता हिवाळ्यात शनिवारी दुपारी चारला निघते. सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास, त्याआधी घरी. तुम्हाला ठाण्याच्या येऊर डोंगराची चढण जवळ आहे, तिथे जा. रविवारी मात्र नको, सहलीच्या गाड्या असतात. पहिली दहा मिनिटं हलक्या गिअरवर पायडल मारा, गार गुडघ्यांवर चढण घेऊ नका. वजनकाटा महिनाभर कपाटावर ठेवा. चढण किती मिनिटांत झाली, तेवढं वहीत लिहा.

मधल्या वारी दोनदा ट्रेनर, पाऊणच तास : चार मिनिटं दमवायचं, दोन मिनिटं सैल, असं पाच वेळा, पुढेमागे हलकं. खाली जुनी गोधडी घाला. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका त्या घरघरीपायी वर आले होते.

आणि एक माणूस गाठा. माझी माटुंग्याची मैत्रीण चहाच्या टपरीशी उभी असते, तिला ताटकळत ठेवायची लाज वाटते म्हणून मी निघते. उमेद वगैरे मला कधी सापडली नाही.

खवखव आठवड्यात गेली नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : थंडीत तहानच लागत नाही. तरी पाणी प्यायचं का? (वाचक, विलेपार्ले)

उत्तर : हो. घाम येतोच, वाऱ्यावर वाळतो म्हणून दिसत नाही. तासाला अर्धा लिटर, घोटाघोटाने. खिशात तिळाची वडी ठेवा. आणि संक्रांतीच्या आठवड्यात गळ्याला जाड रुमाल बांधूनच निघा. बंदी असूनही नायलॉनचा मांजा रस्त्यावर आडवा येतो, आणि तो दिसतो तेव्हा ब्रेक मारायला वेळ उरलेला नसतो.