फोंड्याला देवळाच्या हॉलात लग्न आहे. दोन्हीकडच्या नातेवाइकांचे ग्रुप फोटो कधी आणि कसे काढावेत?
सप्तपदी आटोपली की पंगत बसण्याआधी काढा, आणि नावं पुकारायला दोन्ही बाजूंचा एकेक माणूस नेमा. फोटोग्राफर कुणाच्या मावशीला ओळखत नाही. घरच्याने हाक मारली तरच माणसं जागची उठतात. नात्यातल्या लग्नांत हे काम माझ्याकडेच असतं. यादी दहा ग्रुपांच्या पुढे नेऊ नका. एकाला चार मिनिटं धरली तरी चाळीस मिनिटं जातात, आणि तोवर आजी-आजोबा दमतात. म्हणून त्यांना आणि लहान मुलांना आधी घ्या, मित्रमंडळी शेवटी. मात्र डिसेंबरातलं संध्याकाळचं रिसेप्शन असेल तर बाहेरचे फोटो साडेपाचपर्यंत उरका, सहाच्या सुमारास सूर्य मावळतो.