मॅक्रोने फॉर्म भरण्यापूर्वी

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममधील तुमच्या बिलाच्या फॉर्मवर मालाचे नाव निवडताच दर आपोआप यावा, हे मॅक्रोने, म्हणजे आपोआप पार पडणाऱ्या क्रियांच्या यादीने, सहज जमते. मात्र कोणती माहिती साठवायची, हे आधी ठरवा. दर पुढे बदलतो, म्हणून विक्रीच्या दिवशीचा दर बिलाच्या टेबलात उतरवणे योग्यच आहे. ग्राहकाचा फोन नंबर मात्र क्वेरीतून (टेबलांतून हवी ती माहिती काढणाऱ्या प्रश्नातून) नुसता दाखवावा, त्याची दुसरी प्रत ठेवू नये.

मॅक्रो कॉम्बो बॉक्सच्या, म्हणजे मालाचे नाव निवडायच्या यादीच्या, 'आफ्टर अपडेट' या इव्हेंटला (निवड बदलल्यावर घडणाऱ्या घटनेला) जोडा. त्यासाठी लागणारी, रकान्यात किंमत भरणारी 'सेट व्हॅल्यू' ही क्रिया 'शो ऑल ॲक्शन्स' दाबल्याशिवाय यादीत दिसत नाही, आणि डेटाबेसला विश्वासार्ह म्हणून मान्यता दिलेली नसेल तर ती चालतही नाही. नवशिके बहुधा इथेच अडतात. कॉम्बोमध्ये दराचा स्तंभ दुसरा असेल तर 'कॉलम' या गुणधर्माला 1 हा आकडा द्यावा, कारण मोजणी 0 पासून होते. आणखी एक खोच अशी की, मॅक्रोने भरलेल्या रकान्याचा स्वतःचा 'आफ्टर अपडेट' चालत नाही. त्यामुळे दर आल्यावर सवलतही ठरवायची असल्यास ती पायरी याच मॅक्रोत पुढे लिहावी. आजच्या तारखेसाठी मात्र मॅक्रो करूच नका; 'डिफॉल्ट व्हॅल्यू'मध्ये 'डेट' हे फंक्शन पुरेसे आहे.