इलेक्ट्रिक किक-स्कूटर वाळूवर आणि बर्फावर सुरक्षित चालवता येते का? जाड टायर लावले तर भागेल का?

तुम्ही लिहिलंय की उभं राहून चालवायची इलेक्ट्रिक स्कूटर नुकतीच घेतलीय, डिसेंबरात जर्मनीला राहायला जाताय, आणि त्याआधी गावी कोकणात ती समुद्रावर फिरवून बघायचीय.

दोन्हींवर थोडी थोडी चालते. जाड टायरने मात्र फारसं भागत नाही. मी म्युनिकमध्ये असते. अशाच स्कूटरवर पाच हिवाळे ऑफिसला ये-जा केलीय. माहेर दापोलीजवळचं, त्यामुळे पुळणीवरचे प्रयोगही पाहिलेत, माझे कमी आणि मामेभावाचे जास्त. आणि आधीच सांगते, भारतातली स्कूटर विमानातून जर्मनीला नेता येणार नाही. प्रवाशाला १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी नेता येते, विमान कंपनीने परवानगी दिली तर १६० पर्यंत. या स्कूटरची बॅटरी बहुतेक वेळा अडीचशेच्या पुढेच असते. तेव्हा कोकणातली कोकणातच राहील.

पाच हिवाळ्यांत मी एकदाच सणकून आपटले, आणि तेव्हा रस्त्यावर बर्फाचा कण नव्हता. मार्चचा पहिला आठवडा. जर्मनीत या स्कूटरच्या विम्याची नंबरपट्टी दरवर्षी १ मार्चला बदलते, ती नवी पट्टी दोनच दिवसांपूर्वी चिकटवली होती. लख्ख ऊन पडलेलं. राइशेनबाख पूल ओलांडला, उजवीकडे वळले, आणि शेवाळलेल्या पायरीवरून पाय सटकावा तसं पुढचं चाक सटकलं. म्युनिकमध्ये घरमालकांना फुटपाथवर मीठ टाकायला मनाई आहे, म्हणून हिवाळाभर बारीक खडी पसरतात. बर्फ वितळून वाहून जातो. ही कच मात्र झाडणारी गाडी येईपर्यंत तिथेच, आणि वळणांवर तर तिचे ढीग साचतात. कोरड्या डांबरावर ती पायाखाली आलेल्या गोट्यांसारखी वागते. मनगट तीन आठवडे पट्टीत होतं. म्हणून माझ्या लेखी वाळू आणि बर्फ हे वेगवेगळे प्रश्न नाहीत. दोन्हीकडे भानगड एकच, पुढचं चाक.

या स्कूटरचं चाक साडेआठ ते दहा इंचांचं. सायकलचं मोठं चाक सैल जमिनीवर चढून पुढे जातं, हे छोटं चाक त्यात घुसतं. घुसलं की थांबतं. तुम्ही मात्र थांबत नाही, कारण तुम्ही उंच उभे आहात आणि दोन चाकांतलं अंतर तोकडं आहे. अंग सरळ हँडलवरून पुढे जातं. शिवाय सैल जमिनीवर हँडल वळवलं तरी स्कूटर लगेच वळत नाही, चाक आडवं होऊन नांगरासारखं सरकत राहतं. जाड टायरने हे सगळं जरा उशिरा होतं, इतकंच.

वाळूचा हिशोब एकदा कागदावर करून बघा. मी आणि स्कूटर मिळून ८० किलो धरा. डांबरावर ताशी १५ किलोमीटरने जायला, हवेचा अडथळा सोडला तर, सुमारे ५० वॅट पुरतात. मऊ वाळूत मोटारीच्या टायरचे ठोकताळे लावले तरी हाच आकडा हजाराच्या आसपास जातो. स्कूटरची मोटर असते २५०-३५० वॅटची. मग ती घुरघुरते, तापते, थोड्या वेळाने कंट्रोलर तिला बंद पाडतो, आणि पंधरा-वीस किलोचं धूड वाळूतून ओढायला आपण उरतो.

पण सगळी वाळू मऊ नसते. आमच्याकडे मुरूड-कर्द्याची पुळण ओहोटीला इतकी घट्ट असते की लोक त्यावर मोटारी घालतात (आणि दर सुट्टीत त्यातली एखादी भरतीच्या पाण्यात रुतलेली दिसते). सुरूच्या बनाजवळची कोरडी वाळू विसराच, तिथे स्कूटर उचलूनच न्यायची. अगदी लाटेच्या काठची, पाणी पाझरत असलेलीही नको. या दोन्हींमधला, नुकतंच पाणी उतरलेला पट्टा तेवढा आपला. तो ओळखायची खूण माझ्या मामाने शिकवली. अनवाणी पाऊल दाबून टाका. पावलाभोवतीची वाळू क्षणभर फिकट, कोरडी पडल्यासारखी दिसली तर ती घट्ट बसलेली आहे. पाऊल टाकल्यावर जेलीसारखी हलली आणि भोवती पाणी साचलं तर स्कूटर तिथे नेऊ नका.

वेळ काढायलाही ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, कोकणात कुणालाही विचारा. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पूर्ण ओहोटी संध्याकाळी पाच-साडेपाचला, आणि उधाण असल्याने पाणी लांबपर्यंत मागे जातं. फेरी पूर्ण ओहोटीच्या आधीच्या तासा-दीड तासात उरका. पाणी फिरल्यावर नको.

मामेभावाने हे सगळं पाळलं आणि शेवटी फोटो काढायला लाटेच्या काठाला स्कूटर उभी केली. लाट आली, परत जाताना चाकाखालची वाळू घेऊन गेली, मागचं चाक निम्मं आत. बाहेर काढेपर्यंत चाकातल्या मोटरमधून तीन लाटा गेल्या होत्या. स्कूटरवर लिहिलेला तो पाणीरोधक आकडा पावसाच्या शिंतोड्यांसाठी असतो, खाऱ्या पाण्यात बुडायला नाही. पंधरा दिवसांत बेअरिंग किरकिरायला लागलं, महिन्याभरात मोटर गेली. मामीने ती स्कूटर अजून पडवीत ठेवलीय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

आणखी दोन गोष्टी. गोव्यात किनाऱ्यावर वाहन चालवायला कायद्यानेच बंदी आहे, तिकडे जाणार असाल तर हा बेत सोडा. आणि वेळास, आंजर्ले या बाजूला साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं बाहेर पडली की चाकाच्या चाकोरीत अडकतात. तुम्ही डिसेंबरच्या तोंडावर जाताय, म्हणून सांगितलं.

आता बर्फ. रोजच्या बोलण्यात आपल्याला एकच शब्द, बर्फ, आणि तिथेच फसायला होतं. रात्रभर पडलेला दोन-तीन सेंटिमीटरचा भुसभुशीत बर्फ त्यातल्या त्यात बरा, चाक त्यातून खाली डांबरापर्यंत पोचतं. माणसांनी तुडवून गुळगुळीत केलेला वाईट. दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेला सगळ्यात वाईट, कारण सायकलींच्या चाकोऱ्या त्यात दगडासारख्या घट्ट होतात आणि छोटं चाक त्यात शिरलं की बाहेर येत नाही. ट्रामच्या रुळांचंही तेच. ते काटकोनातच ओलांडायचे, बर्फ नसतानाही. रबडीसारखा ओला बर्फ मडगार्डमध्ये ठासून बसतो आणि चाक जाम करतो.

आणि एक न दिसणारा, ब्लॅक आइस. रस्ता नुसता ओला वाटतो. पुलांवर तो आधी धरतो, कारण पुलाला थंडी वरून लागते तशी खालूनही लागते, जमिनीची ऊब नसते. फोनवर २ अंश दाखवत असेल तरी सकाळी नदीवरच्या पुलाला मी उतरून चालत जाते. पहिल्या वर्षी लाज वाटायची. आता शेजारून जाणारे सायकलवालेही उतरलेले दिसतात.

वेग हीच काय ती तुमच्या हातातली गोष्ट. ताशी २० किलोमीटरवरून, जर्मनीत हीच या स्कूटरची कमाल मर्यादा आहे, कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यावर तीनेक मीटरांत थांबता येतं. दडपलेल्या बर्फावर आठ मीटर, निसरड्या आइसवर सोळाच्या आसपास, तेही चाक न घसरता आणि तुम्ही उभेच राहिलात तर. वेग निम्मा, १० केला की हे अंतर पाव होतं: दोन आणि चार मीटर. बर्फ दिसला की मी ॲपमधून स्कूटर सगळ्यात हळू मोडवर टाकते, म्हणजे घाईच्या दिवशी मोह होत नाही.

ब्रेकबद्दल एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. जर्मनीत घ्याल त्या स्कूटरची मोटर कुठल्या चाकात आहे ते बघा. ज्या चाकाचा मधला गड्डा जाड आणि ज्यात वायर शिरते ते. शाओमीच्या जुन्या एम ३६५ सारख्या स्कूटरमध्ये ती पुढे असते, आणि तिथे नुसती रेस सोडली तरी मोटर वीज परत घेताना पुढच्या चाकाला ब्रेक लावते. डांबरावर हे कळतही नाही. बर्फावर मात्र तुम्ही घाबरून अंगठा उचलता आणि नेमक्या त्याच क्षणी पुढचं चाक धरलं जातं. ॲपमध्ये ही ताकद कमीत कमी करून ठेवा. नाइनबॉट मॅक्स जी ३० सारखीची मोटर मागे असते. घसरलं तर आधी मागचं चाक घसरतं, त्यात सावरायला निदान वेळ मिळतो. बर्फासाठी निवड करायची असेल तर मागच्या मोटरची घ्या.

मध्येच वाळूचा किंवा बर्फाचा तुकडा आडवा आला, तर जे करायचं ते त्याच्या आधी करायचं. वेग आधी कमी, वळण आधी पूर्ण. त्या तुकड्यावर हँडल सरळ, गुडघे सैल, वजन मागच्या पायावर, ब्रेक नाही, रेसही जेवढी आहे तेवढीच. हँडल आवळून धरू नका, चाक थोडं इकडेतिकडे होतंच, होऊ द्या. हे चार-पाच मीटरपुरतं. त्याहून लांब दिसलं तर उतरा. आणि आधी रिकाम्या पार्किंगमध्ये चालण्याच्या वेगाने सराव करा, मुद्दाम घसरवून बघा, म्हणजे घसरायला लागल्यावर हाताला काय जाणवतं ते कळेल. जर्मनीत हेल्मेटची सक्ती नाही, तरी घाला. मनगटाचे गार्डही घ्या, स्केटिंगवाले घालतात ते. आपण पडताना हात पुढे करतोच.

टायरबद्दल विचारलंत. हवा घरात २० अंशांत ४५ पीएसआय भरली तर बाहेर उणे पाचात ती ४० च्या आसपास येते, म्हणून हिवाळ्यात बाहेर थंड झाल्यावर मोजा. वाळूत जीपवाले हवा कमी करतात तसं इथे करू नका. इवलंसं टायर रिमवर आपटतं आणि ट्यूब चावली जाते. खिळ्यांचे टायर मिळतात, निव्वळ आइसवर त्यांचा उपयोगही होतो, पण उघड्या डांबरावर ते उलट घसरतात. ज्या देशात राहणार तिथे चालतात का, ते आधी बघा. घरी टायरमधून स्क्रू घालायचे व्हिडिओ बघून काही करू नका.

बॅटरी थंडीत निम्म्यावर नाही, पण दोन तृतीयांशावर येते. माझी २५ किलोमीटरची स्कूटर उणे पाचात सोळा-सतरा देते. यापेक्षा महत्त्वाचं, शून्याखालच्या थंड बॅटरीला चार्जर लावू नका. लिथियम आत शिरायच्या ऐवजी धातू होऊन वर साचतं, आणि ते नुकसान परत भरून येत नाही. घरात आणून दोन तास तशीच ठेवा, मग लावा. त्या दोन तासांत रस्त्यावरून लागलेलं मीठ ओल्या फडक्याने पुसून घ्या. पाण्याचा जोराचा फवारा नको. हँडल घडी करायची जी कडी असते तिच्यात ब्रश फिरवा. वाळूचे चार दाणे अडकले की कडी बसल्याचा आवाज येतो पण ती पुरती बसलेली नसते. हँडल पुढे-मागे हलवून खात्री केल्याशिवाय मी पाय ठेवत नाही.

आणि जाताना कोरडं, येताना बर्फ, असं होणारच. म्युनिकच्या मेट्रोत, ट्राममध्ये आणि बसमध्ये २०२४ पासून बॅटरीला आग लागण्याच्या भीतीने या स्कूटर न्यायला बंदी आहे, बर्लिनमध्येही तेच. त्यामुळे माझं एक जाडजूड कुलूप कायम ऑफिसच्या तळघरात असतं. गेल्या जानेवारीत स्कूटर तिथे सलग नऊ दिवस उभी होती.