गॅरेजचा कट्टा : इटालियन गाड्या, तुमचे प्रश्न

प्रश्न : भावाने जुनी, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची डुकाटी मॉन्स्टर घेतली. आमचे मिस्त्री म्हणाले, ‘डेस्मो आहे, टॅपेटला मी हात लावणार नाही.’ एवढं काय आहे त्यात? — एक वाचक, सांगली

उत्तर : मिस्त्री प्रामाणिक आहेत, बाकीची कामं त्यांच्याकडेच करा.

आपल्या नेहमीच्या इंजिनात कॅम, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो बंद करते. 1950च्या दशकातल्या रेसच्या गाड्यांत आरपीएम फार चढले की स्प्रिंग मागे पडायची, नाहीतर तुटायची. मग उघडा राहिलेला व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटला की इंजिन संपलं. 1954मध्ये डुकाटीत आलेल्या फाबिओ तालिओनी यांनी बंद करण्याचं कामही कॅमकडेच दिलं. कॅमने हलणारा एक छोटा दांडा, म्हणजे रॉकर, व्हॉल्व्ह दाबतो, दुसरा त्याला वर ओढतो. हीच डेस्मो. कल्पना जुनीच होती, मर्सिडीजने ती रेसच्या मोटारींत वापरलीही होती. पण तालिओनींनी 1956मध्ये ती 125 सीसीच्या गाडीत बसवली आणि त्या गाडीने स्वीडनची ग्रां प्री जिंकली. 1968मध्ये ती रस्त्यावरच्या गाडीत आली. एप्रिल 1972मध्ये इमोलाच्या 200 मैलांच्या शर्यतीत पॉल स्मार्ट पहिला आणि ब्रूनो स्पाज्जारी दुसरा आला, दोघेही डेस्मो 750वर. तिथून डुकाटी आणि डेस्मो ही नावं जोडीनेच घेतली जाऊ लागली.

आता तुमच्या मिस्त्रींची अडचण. टॅपेट जुळवणं म्हणजे व्हॉल्व्हची गॅप नीट करणं. या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्हला दोन शिम, म्हणजे गॅप जुळवायचे ठरावीक जाडीचे तुकडे असतात, एक उघडण्याचा आणि एक बंद करण्याचा. दोन सिलिंडर, चार व्हॉल्व्ह, म्हणजे आठ शिम, आणि प्रत्येकाची गॅप फीलर गेजने मोजायची. बंद करणारा शिम व्हॉल्व्हच्या दांड्यावर तारेच्या दोन अर्ध्या कड्यांवर टेकलेला असतो. नखाएवढ्या असतात त्या, आणि वापराने चपट्या होतात. चपट्या झाल्या की मोजलेली गॅप खोटी ठरते, म्हणून मी जुन्या कड्या परत बसवतच नाही. त्या काढताना पिस्टन अगदी वर आणून ठेवावा लागतो, नाहीतर मोकळा झालेला व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये उतरतो. हेडमधलं ऑइल खाली जायचं भोकही कापडाने बंद करायचं, कारण कडी त्यात पडली तर इंजिन उघडावं लागेल.

काम संथ आहे, अवघड नाही. डेस्मोवर हात बसलेला माणूस शोधा. कॅम फिरवणारे टायमिंगचे पट्टे कधी बदलले ते आधी विचारा. गाडी उभी असली तरी पट्टा म्हातारा होतो आणि तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात.

डुकाटीने आता व्ही4 ग्रानतुरिस्मो आणि नव्या 890 सीसी व्ही2 इंजिनात स्प्रिंग आणल्या आहेत. धातू सुधारले, त्या इंजिनांना डेस्मोची गरज उरली नाही, हे मला पटतं. तरी वाईट वाटलंच.

प्रश्न : मोटो गुत्सीचं इंजिन आडवं बाहेर का आलेलं असतं? उभ्या गाडीवर रेस केलं की ती कलते, हा दोष समजायचा का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : दोष नाही. गुत्सीचा क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेला असतो. त्यामुळे दोन्ही सिलिंडर दोन बाजूंना थेट वाऱ्यात येतात आणि मागच्या चाकाला साखळीऐवजी शाफ्टने ताकद देता येते. क्रँक फिरण्याचा धक्का गाडी आडवी सोसते, म्हणून ती उजवीकडे झुकते. चालू लागली की जाणवत नाही. जूलिओ चेझारे कार्कानो यांचं हे इंजिन 1967मध्ये व्ही7 या गाडीतून विक्रीला आलं, आणि कोमो सरोवराकाठच्या मान्देल्लो देल लारिओत त्याच मांडणीचे वंशज आजही बनतात. टाकीवरचा गरुड जोव्हान्नी राव्हेल्ली यांच्यासाठी आहे. कार्लो गुत्सी आणि जॉर्जो पारोदी यांच्यासोबत कंपनी काढायचं त्यांचं ठरलं होतं, पण 1919मध्ये विमान अपघातात ते गेले. 1921मध्ये उरलेल्या दोघांनी ती सुरू केली.

प्रश्न : आप्रिलिया आरएस 457 बारामतीत बनते. मग ती इटालियन कशी? — एक वाचक, बारामती

उत्तर : आखणी व्हेनिसजवळच्या नोआलेची, जोडणी तुमच्या गावची. एके काळी लॅम्ब्रेटा मुंबईत जोडली जायची, व्हेस्पा बजाज बनवायचे, आणि त्या गाड्यांवर आपल्या दोन पिढ्या फिरल्या. माझ्या लेखी आरएस 457 इटालियनही आहे आणि बारामतीचीही. तुमच्या गावातलं कुणी त्या लाइनवर काम करत असेल तर मला जरूर लिहा. 270 अंशांच्या क्रँकचं ते इंजिन जोडणाऱ्या माणसांशी मला बोलायचं आहे.