कॉलरबोन मोडल्यावर घाई करू नकोस

सायकलवरून पडून कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालून खांद्याकडे जाणारं हाड, मोडलं म्हणून धीर सोडू नकोस. पडताना आपण हात पुढे टाकतो किंवा थेट खांद्यावर आदळतो आणि सगळा भार याच हाडावर येतो, त्यामुळे सायकलवाल्यांमध्ये हे फ्रॅक्चर नेहमीचंच. मोडलेल्या हाडाची टोकं फारशी सरकली नसतील तर बहुतेकदा हात झोळीत ठेवून भागतं. मोठ्या माणसाचं हाड जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. दुखणं मात्र त्याच्या बरंच आधी कमी होतं, आणि घोटाळा तिथेच होतो! दुखत नाही म्हणून लगेच सिंहगडाचा चढ गाठू नकोस. डॉक्टर एक्स-रे बघून हो म्हणेपर्यंत थांब. बोटं, मनगट रोज हलवत राहा, नाहीतर आखडतात. कोपर आणि खांद्याचे व्यायाम फिजिओला विचारून.

हेल्मेट आपटलं असेल तर नवीन घे, वरून धड दिसलं तरी. आतला फोम एकदा दबला की पुन्हा तसा धक्का झेलत नाही.

पहिली राइड ओल्या रस्त्यावर नको. पावसात पांढरे पट्टे फार निसरडे होतात. उतारावर भीती वाटली तर बिनधास्त उतरून चाल. आणि पहिल्या राइडआधी सायकल मेकॅनिकला दाखव, विशेषतः हँडल आणि पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दांडा.