टंगमर्गचं हॉटेल आणि निवृत्तीचे ४२ लाख

प्रश्न : आमचा डोंबिवलीत टूरचा छोटा व्यवसाय आहे. यजमानांना निवृत्तीचे ४२ लाख मिळालेत. गुलमर्गच्या पायथ्याशी टंगमर्गला १२ खोल्यांचं हॉटेल तीन वर्षांच्या लीजवर मिळतंय. वर्षाला १५ लाख, आगाऊ, वर ५ लाख डिपॉझिट. स्कीइंगचं आकर्षण वाढतंय. घ्यावं का?

ताई, या अटींवर घेऊ नका. धंदा वाईट आहे म्हणून नाही. तुम्ही ज्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर हिशेब मांडलाय, ते गिऱ्हाईक तुमचं नाहीच.

आपली माणसं गुलमर्गला बर्फ बघायला जातात. टंगमर्गला गमबूट आणि कोट भाड्याने घ्यायचे, गोंडोलात, म्हणजे रोपवेत बसायचं, स्लेजवर एकदा घसरायचं, फोटो काढायचे आणि संध्याकाळी श्रीनगर गाठायचं. खरा स्कीअर गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगराच्या उतारांसाठी येतो आणि वर गुलमर्गमध्येच मुक्काम ठोकतो. बर्फ लांबला तर तो तारीख पुढे ढकलतो. तुमच्या ग्रुपला ते जमत नाही.

खरी अडचण इथेच आहे. काश्मीरचा हिवाळी बर्फ पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांवर, म्हणजे पाऊस-बर्फ आणणाऱ्या हवेच्या प्रणालींवर अवलंबून असतो. ते आले नाहीत की चिल्लई कलांचे, म्हणजे सर्वांत कडाक्याच्या थंडीचे ४० दिवस, २१ डिसेंबरपासूनचे, कोरडे जातात. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या उतारांवर पिवळं गवत दिसत होतं. गुलमर्गमधल्या खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा २ फेब्रुवारीवरून २१ फेब्रुवारीला न्याव्या लागल्या. २०२५ मध्ये पुन्हा तेच, २२ फेब्रुवारीच्या स्पर्धा ९ मार्चला झाल्या. पुरेसा बर्फ दोन्ही वर्षी आला, पण उशिरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे काय असतं? दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षा. बर्फ पुढे सरकला तरी नाताळची सुट्टी जागची हलत नाही. दोन हिवाळ्यांवरून मी हवामानाचं भाकीत करत नाही, पण तीन वर्षांच्या लीजमध्ये दोन हिवाळे म्हणजे खूप झाले.

आता आकडे. हिवाळ्याचे ७५ दिवस, १२ खोल्या, ६० टक्के भरणा, म्हणजे ५४० मुक्काम. जेवणखाण वजा जाता खोलीमागे ३,००० धरले तर १६ लाख २० हजार. उन्हाळ्याचे ८० दिवस, निम्म्या खोल्या, २,२०० रुपयांनी साधारण साडेदहा लाख. एकूण पावणेसत्तावीस लाख. त्यातून लीजचे १५ आणि पगार, जनरेटर, डागडुजीचे ६ लाख गेले की पावणेसहा लाख उरतात. कागदावर छान. पण एखादा जानेवारी महिना कोरडा गेला आणि हिवाळ्याचे निम्मे मुक्काम बुडाले, तर ८ लाख १० हजार गेले. वर्ष सव्वादोन लाखांहून जास्त तोट्यात. दर पाडावे लागले तर आणखी. आणि बर्फ नसेल तेव्हा टंगमर्गला मुक्काम कोण करणार? श्रीनगरहून माणूस सकाळी येऊन संध्याकाळी परततो.

उन्हाळा भरून काढेल, असं तुम्ही म्हणाल. एरवी मीही तेच म्हटलं असतं, कारण मे महिन्यात अफरवटवर उरलेला बर्फ बघायला मराठी कुटुंबं येतातच. पण एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीरची बुकिंगं किती झपाट्याने रद्द झाली, ते तुम्ही फोनवर स्वतः झेललं असेल. एकाच खोऱ्यावर दोन्ही हंगाम अवलंबून आणि भांडवल निवृत्तीचं, हे मला पटत नाही.

त्याऐवजी मालकाशी दोन गोष्टी बोलून बघा. एक, एप्रिल ते जूनपुरत्या खोल्या ब्लॉक करायच्या, न विकलेल्या ठरलेल्या तारखेला परत करायच्या. दोन, हिवाळ्यासाठी ठरीव भाडं नको, विक्रीतला हिस्सा द्यायचा. यात तुमचे ४-५ लाख अडकतील, ४२ मधले. बाकीचे ज्येष्ठ नागरिक बचत योजना आणि बँक ठेवींत ठेवा. ५ लाखांची मात्र लगेच मोडता येईल अशी ठेव करा.

आणि बोलणी पुढे नेण्याआधी मालकाकडे जानेवारी २०२४ चं मुक्कामाचं रजिस्टर मागा. फोटो चालणार नाही, प्रत्यक्ष वही बघा. टाळाटाळ केली तर डिपॉझिटचा विषयच काढू नका.