डोळे सगळ्यात आधी

प्रश्न : ताई, आम्ही पाच मित्र दर रविवारी मांजलपुरात 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन गोष्ट रचायचा खेळ. माझं पात्र एक एल्फ, म्हणजे टोकदार कानांच्या कल्पित जमातीतली तिरंदाज मुलगी. तिची २८ मिलिमीटरची प्लॅस्टिकची मूर्ती मीच रंगवली. कपडे छान जमले, पण डोळे भूत बघितल्यासारखे वटारलेले. चारदा परत केले, आता नाक-ओठच रंगाखाली बुजलेत. तीन शून्यांचा, म्हणजे अगदी बारीक ब्रश आणला, तरी तेच. मे महिन्यात गच्चीवर दुसऱ्या मूर्तीला स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तर थर) मारला, तर अंगावर रवा भुरभुरल्यासारखं झालं. दोन्ही टाकून देऊ का?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : टाकू नकोस, दोन्ही वाचतील.

माझे वडील दांडिया बाजारात गणपती रंगवायचे. सगळं रंगकाम आटोपलं की शेवटी आखणी, म्हणजे डोळे. त्या वेळी घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. मीही या छोट्या मूर्तींचे डोळे बरीच वर्षं शेवटीच करत होते, आणि चूक तिथेच होती. गणपतीचा डोळा बोटभर, तुझ्या एल्फचं अख्खं डोकं ज्वारीच्या दाण्याएवढं. कपाळ-गाल रंगवून झाल्यावर डोळ्यांत शिरलं की रंग गालावर उतरणारच. म्हणून इथे डोळे सगळ्यात आधी.

डोळ्यांच्या खोबणीत पातळ गडद तपकिरी सोड. वाळला की त्यावर हस्तिदंती रंगाची एक आडवी रेघ, वर-खाली तपकिरी कड राहील अशी. शुभ्र पांढरा नको. तुमचा खेळ १९७४ साली निघाला तो मुळी टेबलावरच्या सैनिकांच्या युद्धखेळातून. मूर्ती हातभर अंतरावरूनच बघायची असते. तिथून ती तपकिरी कडच पापणी वाटते. बुबुळासाठी ठिपका देऊ नकोस. ठिपक्याच्या चहूबाजूंनी पांढरं उरतं आणि डोळे वटारतात. वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत उभी रेघ ओढ, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, बाण जिकडे रोखलाय तिकडे. मग कातडीच्या रंगानं भोवतालचं झाकत ये. बाहेर गेलेली रेघ त्यातच कापली जाते, डोळे पुन्हा करावे लागत नाहीत.

मूर्ती औषधाच्या रिकाम्या बाटलीवर चिकटव. कोपरं टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकलेली. वडील रेघ श्वास सोडताना ओढायचे. त्याआधी ब्रशचं टोक अंगठ्याच्या नखावर फिरवून बघायचे. नखावर रेघ फाटली तर मूर्तीला हात लावायचे नाहीत.

तीन शून्यांचा ब्रश ठेवून दे. त्याच्या पोटात रंग मावतच नाही, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर पंख्याखाली तो मूर्तीपर्यंत जाईतो टोकावरच सुकतो. कोलिन्स्की सेबल, म्हणजे मुंगसासारख्या एका प्राण्याच्या केसांचा १ नंबरचा घे. महाग आहे, पण टोक बारीक असतं आणि रंग धरून ठेवतो. रंग घट्ट झाकणाच्या पसरट डब्यात ठेव : तळाला ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. पाणी घालून दुधासारखा पातळ कर, आणि एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर दे. नाक-ओठ बुजले ते जाड थरांमुळे, डोळ्यांमुळे नव्हे.

आता तो रवा. उन्हात प्रायमरचे थेंब हवेतच सुकतात आणि मूर्तीवर कोरडे दाणे बसतात. सकाळी लवकर, सावलीत, वीतभर अंतरावरून मारायचा. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा स्प्रे बंदच. ब्रशनं लावायचा प्रायमर मिळतो, तो वापर.

खराब झालेली मूर्ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडव. हातमोजे घाल, खिडक्या उघड्या, गॅसपासून लांब. आधी बुडाशी थोडं लावून बघ. रेझिनची असेल तर फार वेळ ठेवू नकोस. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र अजिबात नको, ॲसिटोननं प्लॅस्टिक विरघळतं. रंग सुटू लागला की जुन्या मऊ टूथब्रशनं हलकेच घास. एल्फलाही तसंच कर. तिचे नाक-ओठ खाली शाबूत आहेत.